पायरीवरचं नाव

आम्ही माहीमला राहतो. आमच्या चौपाटीवर उभं राहिलं की समुद्राला खेटून असलेला पडका माहीमचा किल्ला दिसतो. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाची पक्की समजूत होती, की किल्ला म्हणजे चार काळ्या भिंती आणि भरतीचं पाणी! "याला एकदा डोंगरी किल्ला दाखवा रे," आजी म्हणाली आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे साडेचारला आमची गाडी निघाली. थेट रायगडाकडे!

पनवेल सोडलं आणि उजाडलं. उजेडात सगळ्यात आधी दिसला कर्नाळ्याचा सुळका. आकाशाला अंगठा दाखवतोय जणू! मग आपल्या गणपतींच्या मूर्ती घडवणारं पेण आलं. कोलाड, माणगाव करत महाडला पोचलो, तोवर आजीच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा रिकामा झाला होता. महाडला बाबांनी मुद्दाम चवदार तळ्यापाशी गाडी थांबवली. याच तळ्याचं पाणी सर्वांना मिळावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 ला सत्याग्रह केला होता.

तिथून पुढे गडाच्या पायथ्याचं पाचाड. इथे जिजाऊंची समाधी आहे. 6 जून 1674 ला शिवरायांचा राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी जिजाऊ गेल्या. लेकाचा सोहळा पाहायचाच म्हणून जणू थांबल्या होत्या. आजी तिथे बराच वेळ हात जोडून उभी होती.

आजीचे गुडघे दुखतात, म्हणून ती आणि आई रोपवेने वर गेल्या. हा रोपवे 1996 मध्ये सुरू झाला. आम्ही तिघं मात्र पायऱ्यांनी! पहिल्या दोनशे पायऱ्या भाऊ धावत चढला, पुढच्या दोनशे रडत. महादरवाजापाशी बाबांनी एक गंमत दाखवली. दोन दांडग्या बुरुजांच्या आड हा दरवाजा असा लपवलाय, की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. शत्रू नेमका बुरुजांच्या कचाट्यात सापडणार!

वर पोचलो तर आई आणि आजी मजेत ताक पीत बसल्या होत्या. मग गंगासागर तलाव पाहिला, राजसभा पाहिली. भाऊ नगारखान्याच्या दारात उभा राहून हळूच म्हणाला, "भूक लागली," आणि सिंहासनाच्या जागी, मेघडंबरीपाशी उभ्या असलेल्या आईला ते चक्क ऐकू आलं! बांधणीच तशी आहे.

त्यानंतर आली बाजारपेठ. समोरासमोर दोन रांगा, एकेका रांगेत बावीस दुकानं. जोती इतकी उंच, की घोड्यावर बसूनच खरेदी करत, असं सांगतात. आणि इथेच आमच्याकडून ती गोष्ट होता होता राहिली.

एका दगडावर कुणीतरी आपलं नाव कोरून ठेवलं होतं. भावाचे डोळे चमकले. त्याने खिशातून कंपासपेटीतलं कर्कटक काढलं. (घरून निघतानाच घेतलं होतं पठ्ठ्याने!) "ताई, आपलंपण लिहू या. माहीमकर!" खरं सांगते, मलाही क्षणभर मोह झाला. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत नाही ना! पण आजी बघत होती.

ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ज्यानं हा गड बांधला त्याचं नाव कुठं आहे, ते बघून या. मग लिहा."

आम्ही जगदीश्वराच्या देवळात गेलो. तिथे भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे. गडावर विहिरी, तलाव, बागा, राजवाडे बांधल्याचं त्यात लिहिलंय. पण आजीने बोट दाखवलं ते खाली, एका पायरीकडे. भावाने अक्षर अक्षर लावून वाचलं, 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर.' हेच आपल्या पुस्तकातले हिरोजी इंदुलकर. राजांनी बक्षीस विचारलं, तेव्हा हिरोजींनी ना सोनं मागितलं ना जहागीर. राजे दर्शनाला येतील तेव्हा त्यांची पायधूळ पडावी म्हणून पायरीवर नाव कोरू द्या, एवढंच मागितलं, अशी गोष्ट सांगतात.

भाऊ काहीच बोलला नाही. कर्कटक गुपचूप खिशात गेलं.

देवळासमोरच महाराजांची समाधी आहे. 3 एप्रिल 1680 ला महाराज याच गडावर गेले. पुढे मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी इथले वाडे जळाले. जे उरलंय तेवढंच आपल्या हाती आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यांत रायगडही आहे. अशा जागी नावं कोरणं कायद्याने गुन्हाच आहे. पण आम्हाला थांबवलं ते कायद्याने नाही, त्या पायरीने.

तुम्हीही जरूर जा. पहाटे लवकर निघा, पाण्याची बाटली न्या आणि रिकामी बाटली परत आणा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौपाटीवर गेलो. भाऊ आपल्या पडक्या किल्ल्याकडे टक लावून बघत होता. मग म्हणाला, "आजी, हा कुणी बांधला गं? त्याचं नाव असेल का कुठल्या पायरीवर?"