पडवीतलं विमान

छंद हा शब्द ऐकायला किती गोड! पण तो घरात शिरला की त्याला जागा लागते, पैसे लागतात आणि त्याचा पसारा आवरायला कुणीतरी लागतं. टपालतिकिटांचा छंद एका वहीत मावतो. मासे पाळायचे तर एक काचेची पेटी पुरते. पण आज ज्या छंदाबद्दल मी लिहिते आहे, तो ऐकून तुमच्यापैकी पुष्कळजणी ‘काहीतरीच बाई!’ म्हणतील. घरात बसून विमान चालवायचं! तेही नुसतं संगणकाच्या पडद्यावर नव्हे. खऱ्या विमानात वैमानिकापुढे असतात तसे हलणारे काटे, खटके, बटणं, हातातलं चक्र, पायाखालची पेडल, अशी सगळी बैठक घरातच उभी करायची. या बैठकीला कॉकपिट म्हणतात. परदेशात हौशी लोकांनी गॅरेजमध्ये अशी कॉकपिटं बांधली आहेत आणि आता आपल्याकडच्या मुलांच्याही डोक्यात हे शिरू लागलं आहे. उद्या तुमचा मुलगा, दीर किंवा खुद्द ‘हे’ प्लायवूडचा तुकडा काखेत मारून घरी आले, तर हो म्हणायचं की नाही? ते ठरवण्याआधी हा प्रकार आहे तरी काय, हे समजून घेतलेलं बरं.

घरात विमान म्हटलं की आपल्याला कॅप्टन अमोल यादव आठवतात. मुंबईला कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. खरंखुरं, उडायचं विमान! २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ च्या नोव्हेंबरात सरकारदरबारी त्याची नोंदणी झाली. वर्तमानपत्रांनी त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. मला मात्र बातमी वाचताना त्या घरातल्या बायकाच डोळ्यांपुढे आल्या. डोक्यावर इतकी वर्षं ठोकाठोक चालू, आणि पापड-कुरडया वाळत घालायला गच्ची नाही!

आपल्या विषयातलं विमान मात्र इतकं भारी नाही. ते जमिनीवरून हलत नाही, म्हणून पडायची भीती नाही.

याची सुरुवात झाली ती चक्क वाद्यांच्या कारखान्यात. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी लिंक नावाच्या कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. त्या घरातल्या एडविन या मुलाला विमानाचं वेड. पण शिकवणीचे दर इतके, की विमानात बसून शिकणं परवडेना. आपल्या पेटीला जसा भाता असतो, तसे हवेचे भाते ऑर्गनलाही असतात. एडविनने त्याच भात्यांवर एक लाकडी विमान बसवलं. आतल्या माणसाने दांडा वळवला की भात्यात हवा कमीजास्त व्हायची आणि ते विमान झुकायचं, वळायचं. १९२९ साली हे यंत्र तयार झालं, पण पहिल्यांदा ते घेतलं कुणी? जत्रेतल्या पाळणेवाल्यांसारख्या करमणूक-बागांनी! पुढे १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याकडे टपाल नेण्याचं काम आलं. वादळी हवेत, ढगांत, रात्री उडताना थोड्याच दिवसांत अनेक वैमानिक दगावले. तेव्हा सैन्याला जाग आली आणि त्यांनी लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात तर हजारो वैमानिक त्या निळ्या पेटीत बसूनच शिकले.

ते दगावले कशामुळे, हे कळलं की काट्यांचं महत्त्व कळतं. ढगात शिरल्यावर बाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. अशा वेळी आपल्या कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय चक्क फसवतं. विमान हळूहळू एका अंगाला कलत असतं आणि बसलेल्याला वाटतं, आपण अगदी सरळ चाललो आहोत. मनाला वाटतं त्यावर नव्हे, काटा सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा, हे शिकावं लागतं. ते बोलून शिकवता येत नाही, सवयच करावी लागते.

हे मुख्य काटे सहा. आमटीच्या वाटीएवढ्या सहा तबकड्या, वर तीन आणि खाली तीन. वरच्या रांगेत वेगमापक, मग विमान किती झुकलं ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज आणि मग उंचीमापक. खालच्या रांगेत वळण, दिशा आणि चढ-उतार दाखवणारे. वैमानिकाची नजर एकावर खिळत नाही, सारखी फिरत असते. एका शेगडीवर भात, दुसरीवर आमटी, तव्यावर पोळी आणि कुकरच्या शिट्ट्या कानाने मोजायच्या, हे आपण रोज करतो. तसलंच काहीसं ते असावं.

त्यातला उंचीमापक मला फार आवडतो. त्याच्या पोटात पातळ पत्र्याची एक बंद डबी असते. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, डबी फुगते आणि तिच्या फुगण्याने काटा फिरतो. आपण बोरघाट चढून पुण्याला जातो तेव्हा पिशवीतला वेफर्सचा पुडा टम्म फुगतो ना, तेच हे. आता गंमत बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं उडाली, ते आपल्यापैकी कोण विसरेल? वादळाच्या पोटात हवेचा दाब फार उतरतो. तो नुसता वीस हेक्टोपास्कलने उतरला, तरी टेबलावर ठेवलेला उंचीमापक ‘आपण सहाएकशे फूट वर गेलो’ असं सांगेल. म्हणून वैमानिकाला उतरण्याआधी त्या जागेचा त्या वेळचा दाब कळवतात आणि तो उंचीमापकाचं लहानसं बटण फिरवून काटा जुळवून घेतो. नाही घेतला, तर जमीन कुठे आहे याचाच अंदाज चुकायचा.

दिशा दाखवणाऱ्या होकायंत्राशी तर आपल्या अलिबागचं जुनं नातं आहे. समुद्राजवळची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवते. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चाले. पण तिथे विजेच्या ट्रॅम येणार, विजेने चुंबकसूची बिथरणार, म्हणून ते अलिबागला हलवलं.

आता घरातल्या कॉकपिटची खरी अडचण लक्षात आली का? आपली पडवी कुठे जात नाही! तिथे वारा नळीत शिरत नाही, म्हणून खरा वेगमापक हलणार नाही. उंची बदलत नाही, म्हणून खरा उंचीमापक शून्यापाशी बसून राहील. होकायंत्र तर जन्मभर एकच दिशा दाखवील. म्हणजे खरी उपकरणं आणून लावली, तरी ती मुकीच. त्यांना बोलतं करायचं काम संगणकाचं. विमान उडवण्याचा ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ हा कार्यक्रम १९८२ मध्ये आला, ‘एक्स-प्लेन’ हा दुसरा. तुम्ही चक्र ओढलं, की विमान किती वर गेलं, वेग किती उतरला, याचं गणित हा कार्यक्रम क्षणोक्षणी करत असतो. ते आकडे ‘आर्डुइनो’सारख्या तळहाताएवढ्या पट्टीला पाठवायचे आणि पट्टीने छोट्या मोटरला सांगायचं, ‘एवढी फिर’. मोटरच्या टोकाला काटा. मोटारगाडीच्या वेगदर्शकात असते तसली बारकी मोटर इथे चालते. तबकडीचा कागद छापून चिकटवायचा. ज्यांना एवढी खटपट नको, ते प्लायवूडला सहा गोल भोकं पाडून मागे एक पडदा बसवतात. भोकांतून काट्यांची चित्रं हलताना दिसतात आणि बटणं तेवढी खरी. खर्च पुष्कळ वाचतो. पहिल्या खेपेला मी तरी हाच मार्ग सुचवीन.

आमच्या घरी हे खूळ धाकट्या भावजींनी आणलं. त्यांना वैमानिक व्हायचं होतं, पण डोळ्यांच्या तपासणीत रंग ओळखण्यात अडलं. लाल आणि हिरवा त्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. पुढे बँकेत लागले, संसार झाला, तो विषय घरात कुणी काढत नसे. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी पडवीत फळी ठोकली, तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी मात्र गप्प राहिले. पण काम सुरू झालं आणि अडलं ते तारांपाशीच! या तारा लाल, हिरव्या, तपकिरी. भावजींना उमगेना कुठली कुठे. मग ‘वहिनी, जरा बघता का?’ अशी हाक. साडीवर ब्लाउजपीस जुळवणारी नजर शेवटी विमानाच्या कामी आली. महिनाभरात माझी लेक माझ्याऐवजी बसू लागली. ती आठवीत आहे. आता तारा तीच लावते, डाग देते आणि काका चक्र धरून बसले की ‘काका, वेग उतरतोय’ म्हणून ओरडतेही तीच.

होकार द्यायचा तर काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. सगळं चाकांवरच्या चौकटीत बसवायला लावा. पाहुणे आले, गणपती आले, की ढकलून बाजूला करता आलं पाहिजे. फळीमागे फक्त पाच आणि बारा व्होल्टचीच वीज हवी. भिंतीतली वीज तिथे येता कामा नये, आणि घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. खर्चाची वही वेगळी ठेवा, कारण हे लोक ‘एकच बटण’ म्हणत दहा आणतात. आणि आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा! तांब्याच्या तारेवर पावसाळ्यात हिरवट थर चढतो, खटके चिकटतात, साधा प्लाय पापडासारखा फुगतो. प्लाय पाण्याला टिकणारा घ्या आणि त्याच्या कापलेल्या कडांनाही रंग लावा, फुगायला तिथूनच सुरुवात होते. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पूर्वी आपण कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवत असू, तशी ऊब एलईडीला नसते. त्यापेक्षा यंत्र रोज थोडा वेळ चालवावं, स्वतःच्याच उष्णतेने ते कोरडं राहतं. प्लास्टिकने घट्ट झाकू नका, दमट आत कोंडतं. जुनं सुती लुगडं उत्तम.

आणि एक स्पष्ट सांगते. या घरगुती उड्डाणाचा एकही तास परवान्यासाठी धरला जात नाही. व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचं उड्डाण लागतं, त्याचा खर्च कित्येक लाखांत जातो आणि वैद्यकीय तपासणीही कडक. म्हणून पोराने पडवीत चार वेळा विमान उतरवलं, एवढ्यावर घर गहाण टाकायला निघू नये. तपासणी आधी करून घ्यावी, रंगदृष्टीची तर आधीच. पण ढगात काट्यांवर भरवसा कसा ठेवायचा, कुठला काटा काय सांगतो, हे इथे कळतं, ते काही थोडं नाही.

मुलीला हे कशाला, असं अजूनही विचारतात. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सगळ्या स्त्रियाच चालवत असलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान नेलं. आज आपल्या देशात स्त्री-वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तर आपल्याच जिल्ह्यातून, उलव्याच्या नव्या विमानतळावरून विमानं सुटू लागली आहेत.

आमच्याकडे सध्या चार काटे चालू आहेत. दिशेच्या काट्याची मोटर लॅमिंग्टन रोडवरून आणायची आहे. भावजी शनिवारी मांडव्याहून लाँचने मुंबईला जाणार, आणि तारांचे रंग दुकानात बघून घ्यायला लेक सोबत जाणार आहे.