ग्रामसभेपुढे मोबाईल

मुलांच्या हाती मोबाईल केव्हा द्यावा आणि किती वेळ द्यावा, हा प्रश्न बरीच वर्षे घराच्या चार भिंतींत राहिला. 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या काही गावांनी तो ग्रामसभेत मांडला आणि त्यावर ठराव केले. त्यांतले बान्सी हे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यात, म्हणजे वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या तालुक्यात आहे. त्यामुळे वाशीमच्या रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावांनाही ही चर्चा परकी नाही. घरोघरी बोलली जाणारी काळजी गावाच्या नियमात कशी उतरते आणि उतरताना तिचे काय होते, हे या ठरावांतून नीट दिसते.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या त्यांच्या रुळलेल्या तारखा. गावचा प्रत्येक मतदार या सभेचा सदस्य असतो. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. मुख्य सभेआधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यावी, अशीही तरतूद आहे. अनेक ठिकाणी ती कागदावर उरकली जाते. मोबाईलच्या प्रश्नावर मात्र ही महिला सभाच सर्वांत उपयोगी ठरली आहे.

बान्सीच्या ग्रामसभेने नोव्हेंबर 2022 मध्ये 18 वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदी घातली. करोनाकाळात ऑनलाईन वर्गांसाठी मुलांच्या हाती फोन आला आणि वर्ग संपले तरी तो सुटला नाही, हे त्यामागचे कारण होते. आधी मुलांना आणि पालकांना समजवायचे, तरीही ऐकले नाही तर दंड करायचा, असे ठरले. पालकांची तळमळ खरी होती, पण ठरावात एक मोठी उणीव राहिली. ज्यांच्यावर बंदी आली त्यांना ग्रामसभेत मत नाही आणि ज्यांना मत आहे त्यांच्या स्वतःच्या फोनला नियम लागू नाही. बाप ओसरीवर बसून एकामागून एक रील पाहत असेल, तर आत पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाला त्या बंदीचा अर्थ पटणे अवघड आहे.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने त्याच वर्षी दुसरी वाट धरली. सुमारे तीन हजार वस्तीचे हे गाव. 14 ऑगस्ट 2022 रोजी तिथे महिलांची ग्रामसभा झाली आणि भोंगा आणायचे ठरले. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. तेव्हापासून साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत घरातला टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचा, मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. सुरुवातीला लोकांना हे पटेना. तेव्हा आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

दोन्ही गावांचे दुखणे एकच होते, उपाय मात्र निराळे. वडगावने वयावर बोट न ठेवता दिवसातले दीड तास निवडले. नियम आजोबांना तोच आणि नातवालाही तोच. मुलाकडून फोन काढून घ्यायची वेळच येत नाही, कारण त्या वेळी घरात कोणाच्याच हातात तो नसतो. शिवाय निर्णयाची सुरुवात बायकांनी केली. संध्याकाळी स्वयंपाक करता करता मुलांच्या अभ्यासावर लक्ष ठेवणे बहुतेक घरांत त्यांच्याच वाट्याला येते, म्हणून नियम पाळून घेण्यात त्यांचा जीव गुंतला. या कारणांनी वडगावची रीत बान्सीपेक्षा सरस ठरते. पुढे बेळगावजवळच्या हलगा गावाने सांगलीच्याच अग्रण धुळगावचा असाच भोंगा पाहून डिसेंबर 2024 मध्ये सात ते नऊचा भोंगा सुरू केला. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्याने शिवीगाळीला पाचशे रुपये दंड ठरवला, तेव्हाच विद्यार्थ्यांना रात्री सात ते नऊ मोबाईल न देण्याचाही ठराव केला.

मुळात मोबाईल मुलांच्या हाती एकट्या घरच्यांनी दिला नाही. 2020 मध्ये शाळांना कुलूप लागले, तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम काढून रोजचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला. शेतकऱ्याचेही तेच झाले. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो काढायचा आणि अ‍ॅपवर पेरा नोंदवायचा. ही नोंद सातबारावर चढली नाही, तर हमीभावाच्या खरेदी केंद्रावर सोयाबीन नेताना अडचण येते. सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या वाशीम जिल्ह्यात हे काम टाळता येत नाही. पीएम-किसानची ई-केवायसी, 2024 मध्ये 'नारी शक्ती दूत' अ‍ॅपवरून भरलेले लाडकी बहीण योजनेचे अर्ज, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, सगळीकडे मोबाईल आणि त्यावर येणारा ओटीपी लागतो. कित्येक घरांत अ‍ॅप उघडून हे सारे करून देतो तो शाळकरी मुलगा किंवा मुलगी. ज्या मुलांना फोन वर्ज्य करायचा, त्यांच्याच मदतीवर घरचा सरकारी व्यवहार चालतो, हे ठराव लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवे.

मुले फोनवर नेमके काय करतात, याची मोजणी ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या 'असर' पाहणीत सापडते. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले 57 टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के होती. पालकांच्या चिंतेला म्हणजे आधार आहे, पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले त्याच फोनवर शिकतही आहेत. खेड्यात राहून पोलीस भरतीची किंवा सीईटीची तयारी करणाऱ्यांना शहरातल्या शिकवणीचे शुल्क परवडत नाही. यूट्यूबवरचे धडे हाच त्यांचा शिकवणीवर्ग असतो.

मुलींची गोष्ट वेगळी काढून पाहावी लागते. 2023 च्या 'असर' अहवालात 14 ते 18 वयोगटातल्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे 44 टक्के मुलग्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या महिलांपैकी केवळ 54 टक्क्यांकडे स्वतः वापरायचा मोबाईल आढळला. सरसकट बंदी आली की आधी मुलीच्या हातातला फोन जातो, मुलाकडे तो कसाबसा टिकतो. गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने 2016 मध्ये तर अविवाहित मुलींपुरतीच मोबाईलबंदी केली. अभ्यासाच्या नावाखाली मुलींवर पाळत ठेवणारा असा नियम कोणत्याही गावाने करू नये. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि वसतिगृहाचा मोबाईलवरचा निर्बंध अमान्य केला.

गावाच्या ठरावाची कायदेशीर ताकद किती, हेही स्पष्ट असावे. ग्रामपंचायतीला दंड करता येतो तो कायद्याने नेमून दिलेल्या बाबींपुरता. घरात बसून फोन पाहणे त्यात येत नाही. ठराव न पाळणाऱ्या घराशी बोलणे-चालणे तोडणे तर थेट गुन्हा ठरू शकतो, कारण सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे. म्हणून मोबाईलचा ठराव हा गावाने आपखुशीने केलेला करार असतो. तो समजावणीवर आणि शेजाऱ्याच्या भिडेवर चालतो.

फोनवरच्या मजकुरावर गावाचा काडीचाही ताबा नाही. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, ती रचना कंपन्यांनी केलेली असते. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये केलेल्या कायद्यात 16 वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडू न देण्याची जबाबदारी थेट कंपन्यांवर टाकली. नियम मोडल्यास दंड कंपनीला होतो, मुलाला किंवा पालकाला नाही. भारतात 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती घेणे बंधनकारक केले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदी आणली. कर्ज काढून असे खेळ खेळणाऱ्या तरुणांची घरे खेड्यांतही उद्ध्वस्त झाली, तेव्हा ही बंदी आधीच यायला हवी होती.

केनवडसारख्या गावात असा ठराव करायचा, तर तो तिथल्या दिनक्रमाला धरून लिहावा लागेल. सप्टेंबरअखेरीस सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की माणसे अंधार पडल्यावर घरी येतात, तेव्हा सातचा भोंगा निम्म्या घरांसाठी निरुपयोगी. रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देताना मोटार मोबाईल स्टार्टरवर चालू-बंद करणारे शेतकरी असतात, त्यांचा फोन बंद ठेवता येत नाही. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांचे घरी फोन येण्याची वेळही संध्याकाळचीच. तेव्हा साधे बोलणे आणि शेतीचे काम वगळून रील, खेळ आणि मालिका यांपुरताच नियम ठेवणे, पेरणी-सोंगणीत वेळ पुढे ढकलणे आणि भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी शाळेत किंवा वाचनालयात दिवा आणि बसायला जागा देणे, एवढे तरी ठरावात लिहिलेले असावे. मसुदा आधी महिला सभेत वाचला जावा. शाळेत बालसभा घेऊन मुला-मुलींचे म्हणणे लिहून घ्यावे आणि ते ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडावे. सहा महिन्यांनी पुढच्या सभेत तोच विषय पुन्हा घेऊन ठराव चालू ठेवायचा, बदलायचा की रद्द करायचा, हे मतदारांना ठरवता येते.