गाडी उभी, बॅटरी बसली!

आपली भाषा यंत्रांविषयी बोलू लागली की कधीकधी मोठी मार्मिक बोलते. इंग्रज माणूस बॅटरी ‘मेली’ म्हणतो, आपल्या भोसरी-चिंचवडचा मेकॅनिक म्हणतो, “साहेब, बॅटरी बसली!” मेलेल्याला उपाय नाही, बसलेल्याला उठवता येते. शिवाय दुखण्याचे कारणही त्याच शब्दात आले. गाडी फार दिवस उभी राहिली, की बॅटरी बसते!

पिकअपचे हे पुराण आम्हांला कशाला, असे कुणी विचारील. पण पिंपरीपासून चाकणपर्यंत पिकअप ही घरचीच गाडी आहे. टाटांची ‘मोबाइल २०६’ १९८८ साली आली ती पुण्याच्या कारखान्यातूनच. लघुउद्योजकाचे सुटे भाग, चाकणच्या बाजारातला कांदा, घर बदलताना आपला संसार, सारे हिच्याच पाठीवर! मात्र काम मंदावले किंवा हंगाम सरला, की ती आठवडेच्या आठवडे दारात उभी. आणि नेमका महत्त्वाचा माल पोचवायच्या सकाळी किल्ली फिरवावी, तर नुसते ‘टक्‌’! गिऱ्हाईक खोळंबते आणि नव्या बॅटरीचा भुर्दंड पडतो तो वेगळाच.

न वापरलेली वीज जाते तरी कुठे? गाडी झोपली तरी तिचे घड्याळ, कुलपाची यंत्रणा, आतला संगणक आणि मागाहून बसवलेले जीपीएसचे यंत्र जागेच असते. समजा, ही मंडळी मिळून ५० मिलिअँपिअर वीज घेतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने २५ दिवसांत निम्मी होते! त्यातून बॅटरी आपली आपणही थोडी झिजते, आणि उन्हाळ्यात ही झीज वाढते.

खरा धोका त्यापुढचा. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांपासून जी बॅटरी केली, तिचेच तत्त्व आजही चालू आहे. वीज उतरताना पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते. लगेच चार्ज केले तर ते विरघळते. महिनोन्‌महिने तसेच राहिले तर त्याचे कठीण खडे होतात आणि बॅटरी कायमची दुबळी होते. २०२० च्या टाळेबंदीत दारात थांबलेल्या कितीतरी गाड्यांनी हा धडा दिला. ज्या चिंचवडात एक्साइडचा बॅटऱ्यांचा कारखाना आहे, तिथेच बॅटऱ्या अशा उपाशी पडाव्यात, हा दैवदुर्विलासच!

उपाय मात्र साधे आहेत. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास चांगली चालवून आणावी. दारातच पाच मिनिटे इंजिन घरघरवून समाधान मानू नये. त्याने बॅटरीचे पोट भरत नाही. दोन-तीन आठवडे गाडी निघणारच नसेल, तर माहितीपुस्तिका पाहून बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. तारा सोडवताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी, हा क्रम पाठच करावा. त्याहून अधिक काळ गाडी राहणार असेल, तर भरल्यावर आपोआप थांबणारा छोटा चार्जर लावावा; मात्र जागा हवेशीर हवी आणि जवळ विडी-काडी नको, कारण चार्ज होताना ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो.

विजेचे माप घ्यायला साधा मल्टिमीटर पुरे. गाडी काही तास थांबल्यावर १२.६ व्होल्ट दिसले, तर बॅटरी भरलेली; १२.४ च्या खाली गेले, तर चार्ज करायला हवी. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळीही पाहावी आणि ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. नळाचे मुळीच नाही. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर तारा सोडवून ती पुसून काढावी.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार आपण हौसेने घालतो. आता दिवाळीच्या सुट्टीत गावी निघण्यापूर्वी, घराच्या कुलपाबरोबर बॅटरीच्या तारेचीही आठवण ठेवावी. पाडव्यानंतर कामाला निघताना किल्लीच्या पहिल्या फेऱ्यालाच इंजिन हुंकारले, की त्या दोन मिनिटांचे चीज झाले!