बालपणातील आघात आणि समाजाचा आधार

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर प्रदेश व महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांचा समावेश होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी एक वा अधिक प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. बहुतेकांनी त्याची वाच्यता पूर्वी कोणाजवळही केलेली नव्हती.

या मौनाची किंमत पुढील कित्येक वर्षे मोजावी लागते. अमेरिकेत फेलिटी, अँडा व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने बालपणातील प्रतिकूल अनुभवांचा प्रौढ वयातील नैराश्य, व्यसन व हृदयविकार यांच्याशी असलेला संबंध दाखवून दिला. म्हणूनच बालकाला सावरण्यासाठी होणारा खर्च ही मानवी भांडवलातील गुंतवणूक ठरते.

कायद्यातील तरतूद

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ अर्थात पॉक्सो कायदा गुन्हेगारास शिक्षा देण्यापुरता मर्यादित नाही. त्याखालील २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती बालकासाठी ‘साहाय्यक व्यक्ती’ नेमू शकते. तपास व खटला चालू असेपर्यंत ही व्यक्ती बालकासोबत राहते, कार्यवाही समजावून सांगते आणि उपलब्ध मदतीची माहिती देते. नेमणूक झाल्यावर पोलिसांनी २४ तासांत विशेष न्यायालयास कळवावयाचे असते. अन्न, वस्त्र, प्रवास यांसारख्या तातडीच्या गरजांसाठी विशेष साहाय्याची, तसेच विशेष न्यायालयामार्फत अंतरिम भरपाईचीही सोय नियमांत आहे.

उत्तर प्रदेशातील अनुभव

तरतूद आणि तिचा प्रत्यक्ष लाभ यांतील अंतर ललितपूर जिल्ह्यातील एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणातून पुढे आले. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२३ रोजी निर्देश दिले. राज्याच्या महिला व बालकल्याण विभागाच्या प्रधान सचिवांनी सहा आठवड्यांत बैठक घेऊन साहाय्यक व्यक्तींच्या व्यवस्थेचा आढावा घ्यावा, असे त्यांत सांगण्यात आले. अशा व्यक्तीची गरज ठरविणे केवळ पालकांच्या मर्जीवर सोडू नये, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. या निर्देशाचे महत्त्व मोठे आहे. रोजंदारीवरील पालकाला न्यायालयाच्या प्रत्येक तारखेला मजुरी गमवावी लागते. लोकापवादाची भीती असतेच. आपणास कोणता हक्क आहे हेच ज्यांना ठाऊक नसते, ते तो मागणार तरी कसा?

राजधानी लखनौमध्ये समाजातून उभ्या राहिलेल्या आधाराचेही उदाहरण आहे. मडियांव भागात उषा विश्वकर्मा यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘रेड ब्रिगेड’मध्ये छळ सोसलेल्या मुली एकत्र आल्या आणि इतर मुलींना स्वसंरक्षणाचे धडे देऊ लागल्या. समदुःखी मैत्रिणींचा गट मुलीला बोलते करतो. मात्र मानसोपचार, कायदेशीर मदत व आर्थिक साहाय्य यांची जागा तो घेऊ शकत नाही. त्यासाठी १०९८ ही बालमदतवाहिनी तसेच ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली १४४१६ ही टेली-मानस सेवा उपलब्ध आहे. बालमदतवाहिनी २०२३ पासून राज्यांमार्फत चालविली जात असून ती ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडण्यात आली आहे.

समारोप

कायदा, निधी व दूरध्वनी सेवा ही साधने आज अस्तित्वात आहेत. बालकाला त्यांच्यापर्यंत नेणारे प्रशिक्षित आणि योग्य मोबदला मिळणारे मनुष्यबळ हा या साखळीतील निर्णायक दुवा होय. तो दुवा प्रत्येक जिल्ह्यात उभा राहिला, तरच पॉक्सो कायद्याचा पुनर्वसनाचा हेतू सफल होईल.