भोजनदान केंद्र : चालवावे कसे, हलवावे कसे?

स्मरणिकेच्या पानांवर धम्म, संघटना आणि शिक्षण या विषयांवर आपण नेहमी वाचतो. या वेळी एक अगदी साधा, परंतु रोजच्या जगण्याशी निगडित विषय घेतला आहे. तो म्हणजे भुकेल्याला दोन घास देण्याचा. वस्तीत भोजनदान केंद्र सुरू करण्याची कल्पना अनेकांच्या मनात येते. काही ठिकाणी ते सुरूही होते. पण जागा सोडावी लागली की केंद्र बंद पडते. म्हणून असे केंद्र कसे चालवावे आणि वेळ आली तर ते कसे हलवावे, या दोन्ही बाजूंचा येथे विचार केला आहे.

धम्मातील अन्नदान

श्रावस्तीचा श्रेष्ठी सुदत्त इतिहासाला अनाथपिंडिक या नावाने ठाऊक आहे. या नावाचा अर्थच अनाथांना घास देणारा असा आहे. अंगुत्तर निकायात तथागतांनी सांगितले आहे की, भोजन देणारा घेणाऱ्याला पाच गोष्टी देतो : आयुष्य, कांती, सुख, बळ आणि प्रतिभान, म्हणजे बुद्धीची तरतरी. यातील पाचवी गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. उपाशी मुलाला पाढे पाठ होत नाहीत हे शिक्षकांना सांगावे लागत नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीची कथा आहे. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. त्याचा शोध घेऊन तो उशिरा, उपाशीपोटी, भगवंतांचा उपदेश ऐकायला आला. भगवंतांनी उपदेश थांबवून ठेवला, आधी त्या माणसाला जेवू घालण्यास सांगितले आणि तो जेवल्यावरच धम्म सांगितला. आधी घास, मग उपदेश, हा क्रम आपल्या केंद्रानेही पाळावा. जेवायला येणाऱ्याला प्रथम प्रवचन ऐकायला बसवणे या कथेच्या विरुद्ध आहे.

आपल्या चळवळीचा वारसा

महाराष्ट्रात अन्नछत्र आणि सदावर्त हे शब्द जुने आहेत. परंतु जुन्या अन्नछत्रांत पंगत कोणाची आणि उंबऱ्याबाहेर कोण, हे बहुधा जातीने ठरत असे. ही चौकट मोडण्याचे काम सत्यशोधकांनी केले. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सावित्रीबाई फुले जुन्नर भागात मदतकार्यात होत्या. ओतूरहून २० एप्रिल १८७७ रोजी ज्योतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तेथील हालअपेष्टांचे वर्णन केले आहे. १७ मे १८७७ रोजी ज्योतिरावांनी मदतीचे आवाहन केले. धनकवडी येथे दुष्काळात होरपळलेल्या मुलांसाठी 'व्हिक्टोरिया बालाश्रम' चालवण्यात आला आणि तेथे मुलांना जेवण दिले गेले.

महाडचा प्रसंगही आठवावा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर जमावाने सभामंडपावर हल्ला केला आणि तेथील अन्न मातीत मिसळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली, तेव्हा मंडपासाठी जागा मुस्लिम गृहस्थाकडून मिळाली. स्थानिक व्यापारी माल देणार नाहीत हे ओळखून कार्यकर्त्यांनी शिधासामग्रीची तजवीज आधीच केली. आपले स्वयंपाकघर आपल्या हाती असले पाहिजे, हा धडा त्या पिढीने अनुभवाने घेतला. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर ठिकठिकाणच्या संस्था भोजनदान करतात, त्यामागे हीच परंपरा आहे. मात्र एका दिवसाचे भोजनदान आणि वर्षभर चालणारे केंद्र यांत मोठा फरक आहे. एक दिवस उत्साहावर निभावून जातो. वर्षभराच्या कामाला हिशेब आणि शिस्त लागते.

केंद्र चालवण्याचे गणित

प्रथम पदार्थ एकच ठेवावा. शंभर माणसांच्या खिचडीसाठी सर्वसाधारणपणे ८ किलो तांदूळ, ३ किलो डाळ, ३ ते ४ किलो कांदा-बटाटा व भाजी आणि सुमारे १ लिटर तेल लागते. पाणी धान्याच्या साधारण तिप्पट, म्हणजे ३३ लिटरच्या आसपास. यातून माणशी ४०० ग्रॅमच्या जवळपास शिजलेले अन्न मिळते. तुलनेसाठी पाहावे : २६ जानेवारी २०२० रोजी राज्य शासनाने सुरू केलेल्या शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे प्रमाण ठरवले होते. अंगमेहनत करणाऱ्या बिगारी माणसाला याहून अधिक लागते. म्हणून दुसऱ्यांदा वाढण्याची सोय अवश्य ठेवावी.

दुसरी बाब पैशाची. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आली. शासकीय अनुदान थांबल्यावर ती बंद पडली आणि कित्येक ठेल्यांवर झुणका-भाकरीऐवजी इतर पदार्थ विकले जाऊ लागले. जी सेवा एकाच मदतीवर उभी असते, ती मदत आटली की सेवाही आटते. त्यामुळे केंद्राचा आधार तीन ठिकाणी वाटून घ्यावा : सभासदांची मासिक वर्गणी, घरोघरची मूठभर धान्याची मदत, आणि पुण्यानुमोदन, वाढदिवस किंवा जयंतीनिमित्त एका दिवसाचे भोजन. निदान एका महिन्याचा शिधा शिल्लक राहील तेव्हाच केंद्र सुरू करावे.

तिसरी बाब राबणाऱ्या हातांची. गिरणगावात गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या तावडीतून सुटलेल्या त्या बायकांनी स्वयंपाकाच्या कष्टाला मोल आहे हे दाखवून दिले. आपल्याकडे मात्र भाषणे पुरुषांची आणि भांडी बायकांची अशी वाटणी सहज होते. रोजचा स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना ठरलेला मेहनताना द्यावा. भांडी घासण्याची पाळी कार्यकारिणीच्या सभासदांनीही घ्यावी.

चौथी बाब स्वच्छतेची. शिजलेले अन्न वाफाळते असतानाच वाढावे आणि तयार झाल्यापासून दोन तासांत संपवावे. मुंबईच्या दमट हवेत सकाळी शिजवलेला भात संध्याकाळी वाढणे म्हणजे विषबाधेला आमंत्रण आहे. उरलेले अन्न दुसऱ्या दिवसाच्या पातेल्यात मिसळू नये. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार सामाजिक वा धार्मिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांनाही नोंदणीची तरतूद लागू होते. ती नोंदणी करून घ्यावी.

सन्मानाची पंगत

केंद्रात कोणाचीही जात, धर्म किंवा प्रांत विचारू नये. ताट हातात घेतलेल्या माणसाचे छायाचित्र काढू नये. देणगीदाराला दाखवण्यासाठी हिशेबवही पुरेशी आहे. शक्य तेथे सर्वांना एका पंगतीत बसवावे आणि संस्थेच्या सभासदांनीही त्याच पंगतीत जेवावे. जेवण फुकट असावे की नाममात्र किमतीचे, याविषयी मतभेद आहेत. पैसे देऊन जेवताना मान ताठ राहते हे खरे. परंतु ज्याच्याजवळ तेही नाहीत त्याचे काय? यावर साधा मार्ग असा की एका कोपऱ्यात बंद पेटी ठेवावी. ज्याला टाकायचे तो टाकील. कोणी टाकले आणि कोणी नाही, हे कोणी पाहू नये.

जागा का सोडावी लागते?

दिंडोशी परिसराचा इतिहास हा वसण्याचा आणि हलण्याचा इतिहास आहे. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आदींच्या लढ्यातून दिंडोशीत नागरी निवारा वसाहत उभी राहिली. दुसऱ्या बाजूला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या वनजमिनीवरील वस्त्या हटवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. पात्र कुटुंबांना ७,००० रुपये भरून चांदिवली येथे पुनर्वसनाचा पर्याय देण्यात आला. १ व २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री मालाड पूर्वेच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळून अनेक जण मृत्युमुखी पडले. १३ मार्च २०२३ रोजी आप्पापाड्यात आग लागून शेकडो संसार उघड्यावर आले. अशा वेळी पहिल्या रात्री जे लागते ते म्हणजे गरम अन्न. ते देणारे केंद्र जवळ आणि चालू स्थितीत असणे किती गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको. पण अनेकदा केंद्राची जागाच रस्तारुंदीत किंवा पुनर्विकासात जाते.

स्थलांतराचा मूळ नियम

जुने बंद करून मग नवे सुरू करू, ही या कामातली सर्वांत घातक समजूत आहे. आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळात १८४७ साली ब्रिटिश सरकारने रोजगाराची कामे बंद करून त्याऐवजी सूप वाटणारी स्वयंपाकघरे उघडण्याचे ठरवले. पुढे त्या स्वयंपाकघरांतून एका वेळी सुमारे ३० लाख लोकांना अन्न मिळू लागले. परंतु कामे मार्चपासून बंद होऊ लागली आणि कित्येक ठिकाणी स्वयंपाकघरे तयार व्हायला बराच उशीर झाला. मधल्या खंडात माणसे उपासमारीने गेली. योजना चांगली होती, पण दोन टोके जुळवली गेली नाहीत. आपले केंद्र शंभर माणसांचे असले तरी नियम तोच आहे : एकही जेवण चुकता कामा नये.

हे साधण्याची युक्ती अशी की चूल आणि पंगत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ओळखावे. चूल आधी हलवावी, पंगत नंतर. म्हणजे नव्या जागी शिजवून, झाकलेल्या पातेल्यांतून टेंपोने किंवा हातगाडीने अन्न जुन्या जागी आणून काही आठवडे तेथेच वाढावे. या काळात नव्या चुलीतले दोष कळतात आणि लोकांनाही नव्या जागेची सवय लावता येते.

क्रमाने करावयाची कामे

पहिले काम मोजणीचे. हे विद्यार्थ्यांनी करावे. दोन आठवडे रोज किती जण जेवतात, कोणत्या चाळीतून येतात आणि चालत किती वेळ लागतो, याची नोंद ठेवून वस्तीचा नकाशा काढावा. नावे लिहिण्याची गरज नाही. एकट्या वृद्ध व्यक्ती, अपंग आणि लहान मुले कोठून येतात यावर खूण करावी. नवी जागा त्यांच्या घरांपासून दहा मिनिटांच्या चालीपलीकडे नसावी आणि मध्ये पश्चिम द्रुतगती महामार्गासारखा रस्ता ओलांडावा लागू नये. धडधाकट माणूस अर्धा मैल अधिक चालेल. काठी टेकत येणारी आजी येणार नाही आणि तक्रारही करणार नाही.

दुसरे काम जागेच्या पाहणीचे. नळाला पाणी किती वाजता येते, ते साठवायला टाकी कोठे बसेल, सांडपाणी कोठे जाईल, धूर व वाफ बाहेर पडते काय, गॅस सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवता येतात काय, पावसाळ्यात पाणी भरते काय आणि उंदीर-घुशींचा उपद्रव आहे काय, हे पाहावे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बालवाडी व समाजकल्याण केंद्रासाठी जागेची तरतूद असते. आराखडा होत असतानाच संस्थेने लेखी मागणी करावी. इमारत उभी राहिल्यावर केलेली मागणी उशिराची ठरते. मात्र मोठ्या शेगड्या रहिवासी इमारतीत चालवायच्या असतील तर अग्निसुरक्षेचा विचार आधी करावा.

तिसरे काम कागदपत्रांचे. अन्नविषयक नोंदणी आणि गॅसजोडणी जागेशी निगडित असतात. दोन्हींचा बदल आधी करून घ्यावा. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर नोंदीतील बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. संस्थेच्या मालकीची जागा विकायची किंवा दीर्घ भाड्याने द्यायची झाल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

चौथे काम प्रचाराचे. नुसता फलक लावून भागत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच बहुधा केंद्राची गरज अधिक असते. पंगतीत रोज तोंडी सांगावे, मजूर नाक्यावर सांगावे आणि शेवटच्या आठवड्यात स्वयंसेवकांनी लोकांना सोबत घेऊन नव्या जागेपर्यंत चालत जावे. प्रत्यक्ष हलवण्याच्या दिवशी चूल पेटली नाही तरी केळी, उसळ-पाव किंवा शेंगदाणे-गूळ अशी सोय आदल्या दिवशीच करावी.

पाचवे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. नव्या जागी पहिला आठवडा झाला की येणाऱ्यांची संख्या जुन्या नोंदीशी ताडून पाहावी. ८० जण येत असतील आणि आधी १०० येत असत, तर राहिलेले २० कोठे गेले? त्यांची भूक काही जुन्या जागेबरोबर संपलेली नसते. नकाशावरच्या खुणा पाहून त्या घरी जावे, चौकशी करावी आणि ज्यांना येणे शक्य नाही त्यांना डबा पोहोचवावा.

समारोप

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी झाली, तेव्हा मुंबईत 'खाना चाहिये' सारखे नागरी उपक्रम काही दिवसांत उभे राहिले आणि महामार्गावरून चालत निघालेल्या मजुरांपर्यंत अन्न पोहोचले. संकटात समाज धावून येतो हे त्यातून दिसले. आता गरज आहे ती संकट नसतानाही चालणाऱ्या, आणि जागा गेली तरी न मोडणाऱ्या केंद्रांची. भांडी, शेगडी आणि फलक ही केंद्राची बाह्य सामग्री आहे. खरे केंद्र म्हणजे कोण उपाशी आहे याची वस्तीला असलेली माहिती आणि त्यांच्याप्रति असलेली करुणा. ती माहिती वहीत असेल आणि करुणा मनात असेल, तर चूल कोठेही मांडता येईल. संस्थेच्या सभासदांनी आणि विशेषतः विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीपासून ही नोंद करण्यास प्रारंभ करावा, एवढीच नम्र विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!