निवेदन दिलं, पण उत्तर कुणी द्यायचं?

गेल्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं की, रोज मोबाइलवर एक ना एक सह्यांची मोहीम येते. कधी गल्लीतल्या झाडासाठी, कधी दिल्लीतल्या कायद्यासाठी. सही केल्यानं खरंच काही होतं का? त्या वेळी घड्याळाकडे बघून आम्ही हा प्रश्न पुढे ढकलला होता. आज तोच घेऊ.

सुरुवात शब्दांपासून करू. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांची ती खोड आहे, चालवून घ्या. आपल्याकडे या गोष्टीला तीन-चार शब्द आहेत. 'अर्ज' अरबीतून फारसीमार्गे आला. त्यात दरबार आहे, वर बसलेला कुणी आहे. 'याचिका' या शब्दात तर याचनाच आहे, आणि आज तो बहुतेक न्यायालयापुरताच उरला आहे. कोकणात देवापुढे 'गाऱ्हाणं' घालतात, आणि ते घालणारा देवाशी बऱ्यापैकी हक्कानं बोलतो. चौथा शब्द 'निवेदन'. याचा मूळ अर्थ फक्त कळवणं, जाणीव करून देणं. त्यात मागणं नाही, हात पसरणं नाही. आम्हाला हा शब्द सगळ्यांत जास्त आवडतो. कारण एकदा कळवलं की ऐकणाऱ्याची स्थिती बदलते. 'मला माहीत नव्हतं' हे त्याला म्हणता येत नाही. सही केल्यानं काय होतं, याचं पहिलं उत्तर हे, की समोरच्याची अज्ञानाची सबब जाते. पण तेवढ्यानं तो उत्तर देईलच असं नाही. आजचा सगळा गुंता इथं आहे.

आता थोडं पुण्यात जाऊ. १८७० साली, एप्रिलच्या २ तारखेला, पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांचा त्यात पुढाकार. निमित्त काय होतं? पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार. लोकांची त्याबद्दल तक्रार होती आणि ती सरकारपुढे मांडायची होती. आता सरकार विचारणारच, की तुम्ही कोण? तुम्हाला बोलायला कुणी सांगितलं? म्हणून सभेनं एक नियम केला. सभेचा सभासद व्हायचं तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. असे पंचाण्णव सभासद जमले, आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या.

हे मुखत्यारपत्र जरा नीट बघा. ही सही 'मला हे पटतं' एवढंच म्हणत नाही. ती म्हणते, 'माझ्या वतीनं तू बोल'. बोलणाऱ्याच्या मागे मोजता येतील अशी, नावगाव असलेली माणसं उभी राहतात. मताचा अधिकार नसलेल्या देशात, निवडणूक नसताना, प्रतिनिधित्वाची एक घरगुती रीत तयार झाली. आणि गंमत अशी, की देवस्थानाच्या कारभारापासून निघालेली ही सभा पाचच वर्षांत, १८७५ साली, थेट ब्रिटिश पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्सपर्यंत पोचली. हिंदुस्थानला पार्लमेंटमध्ये प्रतिनिधी मिळावेत असा अर्ज सभेनं पाठवला, त्यावर वीस हजारांहून अधिक सह्या होत्या. स्थानिक प्रश्न वेगळे आणि राष्ट्रीय प्रश्न वेगळे, असं आपण सहज म्हणतो. पर्वतीच्या पायऱ्यांवरून लंडनला जाणारी ही वाट बघितली की ते तितकं खरं वाटत नाही. कारभाराचा जाब कोण मागू शकतो, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

अर्थात सभेच्या मागे उभी असलेली माणसं कोण होती, हेही विचारायला हवं. सरदार, इनामदार, सावकार, वकील, शिकलेले ब्राह्मण. शेतकऱ्यांसाठी सभेनं पुढे काम केलं, १८७६-७७ च्या दुष्काळात तर फार मोलाचं केलं. पण गावकुसाबाहेरच्या माणसाचं मुखत्यारपत्र कुणाकडे होतं? जोतीरावांचा सभेवर राग होता तो यासाठीच. मग ज्यांना कुणी आपल्यात धरलं नाही, त्यांनी आपले अर्ज आपणच लिहिले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारनं महारांची लष्करातली भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा घेतली आणि मुंबई सरकारकडे अर्ज केला. १९१० साली तर दख्खनच्या महारांच्या परिषदेच्या वतीनं थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. मागण्या काय? सरकारी नोकरीतल्या खालच्या जागा, पोलिसातली शिपाईगिरी, लष्करातली भरती. सार्वजनिक विहिरीवर ज्याला पाणी मिळत नाही, तो माणूस साम्राज्याच्या मंत्र्याला पत्र लिहितो आणि खाली परिषदेचं नाव घालतो. तिथं अर्ज हा शब्द कितीही वाकलेला असला तरी लिहिणारा वाकलेला नाही. लगेच काही झालं नाही. पहिल्या महायुद्धात भरती उघडली, नंतर पुन्हा बंद झाली, आणि महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. हे नुसत्या अर्जानं झालं असं कुणी म्हणणार नाही. युद्धाची गरज होती, बाबासाहेबांची चळवळ होती. पण त्या चळवळीच्या कितीतरी आधीपासून कुणीतरी कागदावर मागणी मांडत होतं.

इथं साहजिकच वाटेल, सह्या जास्त असत्या तर? त्यासाठी इंग्लंडमधल्या चार्टिस्ट लोकांचा अनुभव बघा. कामगारांना मताचा हक्क हवा होता. १८४२ साली त्यांनी पार्लमेंटपुढे अर्ज नेला, त्यावर तेहतीस लाखांवर सह्या. कागदाची गुंडाळी एवढी अवाढव्य की सभागृहाच्या दाराची चौकट काढावी लागली. आणि निकाल? अर्जदारांचं म्हणणं ऐकून तरी घ्यावं, या ठरावाच्या बाजूनं ४९ मतं, विरुद्ध २८७. १८४८ साली पुन्हा अर्ज. या वेळी दावा ५७ लाख सह्यांचा. कारकुनांनी मोजल्या तर वीस लाखांच्या आत भरल्या, आणि त्यात खुद्द राणी व्हिक्टोरियाची सही! 'पंच' या विनोदी साप्ताहिकातल्या मिस्टर पंचचीही. सगळं लंडन हसलं. खऱ्या वीसेक लाख माणसांचं म्हणणं त्या हसण्यात बुडालं. आज बनावट खात्यांवरून येणाऱ्या सह्या बघितल्या की आम्हाला ती राणीची सही आठवते. चार्टिस्टांच्या सहा मागण्यांपैकी पाच पुढच्या सत्तर वर्षांत मान्य झाल्या, ही गोष्टही सोबत सांगायला हवी.

आता आपल्या प्रजासत्ताकाकडे येऊ. आपल्या राज्यघटनेत एक अनुच्छेद आहे, ३५०. फारसा कुणी वाचत नाही, कारण तो भाषांच्या प्रकरणात मागे कुठंतरी बसलेला आहे. त्यात म्हटलंय की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला, तिथं वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन द्यायचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. म्हणजे दिल्लीच्या मंत्रालयाला आपण मराठीत लिहू शकतो. फार सुंदर तरतूद. पण पुन्हा एकदा वाचा. लिहिण्याचा हक्क आहे. अधिकाऱ्यानं उत्तर द्यावं, हे त्यात नाही.

लोकसभेत विनंती अर्जांची समिती आहे, आपल्या विधिमंडळातही आहे. लोकसभेकडे सभागृहाच्या नावानं अर्ज करता येतो; तो खासदारानं सादर केला तर त्यावर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते, सही करणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता लागतो, लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. किती जणांना हे ठाऊक आहे? ब्रिटनमध्ये आज ऑनलाइन अर्जाला दहा हजार सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं, एक लाख झाल्या की पार्लमेंटमधल्या चर्चेसाठी विचार होतो. २०१९ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडणं रद्द करा, म्हणून एकसष्ट लाख सह्या झाल्या. चर्चा झाली, सरकारनं नाही म्हटलं. तरी 'नाही' हेही उत्तर आहे, आणि त्याच्याशी भांडता येतं. मौनाशी भांडता येत नाही.

हा फरक आपल्याकडच्या दोन प्रसंगांत स्पष्ट दिसतो. मुंबईत मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायची होती. मेट्रो हवी की झाडं, हा आजचा विषय नाही, त्यात शिरायला नको. झाडं तोडण्याआधी हरकती मागवायच्या असा कायदा आहे. ऐंशी हजारांहून जास्त हरकती आल्या. २०१९ च्या ऑगस्टअखेरीस वृक्ष प्राधिकरणानं दोन हजार सहाशेंवर झाडांच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. मग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयानं तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि ७ तारखेला तोड थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. ऐंशी हजार कागद एका टेबलावर निष्फळ ठरले, आणि एक पत्र दुसऱ्या टेबलावर लगेच कामाला आलं, जरी उशिरा. पत्रातली भाषा जास्त चांगली होती म्हणून नव्हे. पहिल्या ठिकाणी हरकती मागवायचं बंधन होतं, त्या का फेटाळल्या हे हरकत घेणाऱ्याला पटेल असं सांगायचा धाक नव्हता. दुसऱ्या ठिकाणी प्रकरण दाखल झालं की कारणांसह आदेश द्यावाच लागतो.

दुसरा प्रसंग इंटरनेटचा. २०१५ च्या डिसेंबरात दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं विचारलं की वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावू द्यावेत का. फेसबुकला आपली 'फ्री बेसिक्स' योजना आणायची होती. त्यांनी आपल्या वापरकर्त्यांकडून ठरावीक मजकुराचे संदेश पाठवून घेतले. एकूण चोवीस लाखांच्या आसपास प्रतिसाद आले आणि त्यांत फ्री बेसिक्सच्या बाजूचेच कितीतरी जास्त. डोकी मोजली असती तर फेसबुक जिंकलं असतं. पण ट्रायनं म्हटलं, आम्ही चार नेमके प्रश्न विचारले होते, या साच्यातल्या संदेशांत त्यांची उत्तरं नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला त्यांनी असे भेदभावाचे दर लावायला मनाई केली, आणि सोबत कारणं छापली. कायद्यानंच त्यांच्यावर पारदर्शक राहायचं बंधन आहे. कारण द्यायचं म्हटलं की मुद्दा लागतो, आकडा पुरत नाही.

आमच्याकडे बरेच जण निवेदनाचे मसुदे दाखवायला आणतात. निवृत्त प्राध्यापकाला तेवढा मान मिळतो. दहातल्या आठांच्या शेवटी असतं: 'तरी याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.' आणि दोन महिन्यांनी, आलंच तर, उत्तर येतं: 'आपले निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे.' आता बघा, जे मागितलं तेच मिळालं की! 'योग्य ती कार्यवाही' मागितली, ती झाली. आम्ही मग पेन्सिलीनं ते वाक्य खोडतो आणि विचारतो, हे नक्की कुणाच्या अधिकारात आहे? वॉर्ड ऑफिसच्या, आयुक्तांच्या, की पीडब्ल्यूडीच्या? त्यानं 'हो' किंवा 'नाही' म्हणावं असा एकच प्रश्न कोणता? किती दिवसांत? लोक जरा नाराज होतात. त्यांना रस्ता, कचरा, भटकी कुत्री आणि बागेतले दिवे, सगळं एकाच कागदात हवं असतं.

मग पोच. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली प्रत हातात नसेल, तर निवेदन दिलंच नाही असं समजा. फोटो काढला, अधिकाऱ्यांना गुच्छ दिला, पेपरात बातमी आली, यातलं काहीही पोच नव्हे. तो क्रमांक हातात आला की महिन्यानं माहितीच्या अधिकारात विचारता येतं, अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर आजवर काय कार्यवाही झाली, कुणाच्या टेबलावर किती दिवस होतं, टिपणीची प्रत द्या. निवेदनाला उत्तर द्यायचं बंधन नसेल, पण २००५ च्या या कायद्यानं माहिती अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यायचं आहे, आणि न दिल्यास अपील आहे. शिवाय आपल्या राज्यात त्याच वर्षीचा विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा आहे. एका कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो म्हणतो. तो कितपत पाळला जातो ते तुम्ही जाणताच, पण निवेदनात त्याचा उल्लेख असला की वाचणारा जरा सावरून बसतो, हे आम्ही पाहिलेलं आहे.

राहिला मोबाइलवरच्या सहीचा प्रश्न. ती करूच नये असं आमचं मत नाही. फक्त करण्याआधी तो कागद कुणाच्या नावानं आहे ते बघावं. पुष्कळदा तो कुणाच्याच नावानं नसतो. 'जागे व्हा' असं सगळ्यांना उद्देशून असतो. कधी तो गोळा करणाऱ्याला आपला फोन नंबर हवा असतो, बाकी काही नाही. आणि ज्याच्या वतीनं आपण सही करतो आहोत, त्या माणसाला हे विचारलंय का, तेही बघावं. झोपडपट्टी हटवण्याच्या अर्जावर शेजारच्या सोसायटीच्या दोनशे सह्या असतात आणि वस्तीतली एकही नसते. सार्वजनिक सभेचा सभासद पन्नास सह्यांचं मुखत्यारपत्र घेऊन यायचा. अशा अर्जांकडे बघताना आम्ही पहिल्यांदा तेच शोधतो, की ज्यांच्या दारात हे सगळं घडणार आहे, त्यांच्यातल्या कुणाची सही इथं आहे का.

प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं आहेत. मागच्या रांगेतून सुरुवात करू, तुमचा हात मघापासून वर आहे.