पहिले दार



कामगार संघटनेचा कार्यकर्ता या व्यासपीठावर आला म्हणजे तो पगार, बोनस आणि टाळेबंदी यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला आणि मुलीला समाजाचा आधार कोणत्या वाटेने मिळतो व ती वाट कोठे अडते, हा तो विषय. तो घेण्याचे कारण म्हणजे आमच्याच हातून घडलेली एक चूक.

१९९९ सालची गोष्ट. यंत्रमाग कामगारांच्या आमच्या कचेरीत एका संध्याकाळी एका सभासदाची बायको आली. डोळा सुजलेला होता. नवरा आमचा कष्टाळू कार्यकर्ता, संपात सर्वांच्या पुढे. आम्ही त्याला बोलावून घेतले, चार शब्द सुनावले, दोघांना चहा पाजला आणि घरी धाडले. तडजोड झाली, याचे आम्हांला समाधानही वाटले. आठ दिवसांत तिचा हात मोडला. पुढे ती माहेरी गेली. जाण्यापूर्वी भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, “भाऊ, परत पाठवायला काय, कोणीही पाठवलं असतं.”

त्या वेळी कायदा नव्हता असे नाही. १९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम आले होते. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. परंतु ते कलम गुन्हेगाराला शिक्षा देणारे. बाईने आज रात्री कोठे निजावे, उद्या मुलांना काय खाऊ घालावे, याचे उत्तर त्यात नव्हते. ते उत्तर देण्याचा प्रयत्न कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याने केला. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, तिची कमाई काढून घेणे, खर्चाला पैसा न देणे, हेही त्यात येते. घर नवऱ्याच्या वा सासऱ्याच्या नावावर असले, तरी तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई आणि ‘हिच्या वाटेस जाऊ नकोस’ असा हुकूम, हे सारे एकाच अर्जात मागता येते. अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवावी, असे कायदा सांगतो.

या कामी सरकारने संरक्षण अधिकारी नेमले आहेत. हे अधिकारी घडल्या प्रकाराचा अहवाल तयार करतात, अर्ज करण्यास साह्य करतात, निवारा व औषधोपचार मिळवून देतात. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तिचे उत्पन्न पाहिले जात नाही.

शिवाय प्रत्यक्ष आधाराची ठिकाणे आहेत. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या आवारात समाजसेविका बसली, म्हणजे बाईचे बोलणे पोलिसांना नीट ऐकावे लागते, हे त्यामागचे साधे गमक. पुढे असे कक्ष राज्यभर निघाले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००१ साली महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र काढले. कारण जी बाई पोलिसांत जात नाही, ती जखम बांधून घ्यायला दवाखान्यात येतेच. २०१५ पासून ‘सखी’ केंद्रांची योजना आहे. तेथे उपचार, समुपदेशन, पोलीस व वकील यांची मदत आणि काही दिवसांचा निवारा एकाच छपराखाली मिळतो. दूरध्वनीवर १८१ हा क्रमांक स्त्रियांसाठी, १०९८ मुलांसाठी आणि ११२ तातडीच्या प्रसंगी आहे.

मग अडते कोठे? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, लग्न झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे एकोणतीस जणींनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे. आणि हिंसा सोसणाऱ्या शंभरांपैकी सुमारे चौदाच जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली. ज्यांनी मागितली त्यांनीही बहुतेक वेळा आधी माहेरी मागितली. पोलीस, वकील, डॉक्टर यांच्यापर्यंत पोचल्या त्या थोड्याच. तेव्हा सरकारी केंद्र हे दुसरे दार झाले. पहिले दार माहेरचे, शेजारणीचे, कामाच्या ठिकाणच्या मैत्रिणीचे, अथवा आमच्यासारख्या कचेरीचे. ते बंद झाले की पुढची सारी दारे असून नसल्यासारखी.

कायद्याने हे ओळखले आहे. हिंसा होत असल्याचे ज्याला सकारण वाटते, असा कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्हेतूने कळविल्याबद्दल त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, असे या कायद्याचे चौथे कलम म्हणते. अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर २०१२ च्या कायद्यानुसार पोलिसांना कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्यच आहे. भिंतीपलीकडचे रडणे ऐकून ‘घरचा मामला’ म्हणत कूस बदलण्यास आता सबब उरलेली नाही.

पहिल्या दारात उभे असणाऱ्याने करावे तरी काय? आधी तिचे ऐकावे, तेही एकांतात, नवरा समोर नसताना. ‘तू काय केलेस?’ हा प्रश्न विचारू नये. जाब विचारायला परस्पर नवऱ्याकडे धावू नये. त्याचे उट्टे तो रात्री तिच्यावर काढतो. जा म्हणू नये, राहा म्हणू नये, निर्णय तिचा. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात न्यावे व नोंद करवावी. आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती विश्वासाच्या जागी ठेवावयास सांगावे. आणि केंद्राचा पत्ता देऊन मोकळे न होता बरोबर जावे.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते आपल्या घरी. त्यांच्या पाठीशी ना १८१ होता, ना संरक्षण अधिकारी. आपल्या पाठीशी आज दोन्ही आहेत.

आमच्या कचेरीतल्या भिंतीवर आता हे क्रमांक लिहिलेले आहेत, आणि पहिले बोलणे एका कामगार भगिनीने करावे असा नियम आहे. त्या बाईच्या मोडलेल्या हाताची भरपाई त्याने होत नाही. पण पुढे जी येईल तिला चहा पाजून परत पाठविले जाणार नाही, एवढे आम्ही पाहतो. आपणही आपापल्या दारात तेवढे पाहावे, ही विनंती.